नेतृत्व शिबिर की पावतीपुस्तकांची हमाली?

निधी गोळा करण्याच्या मोहिमेस हात घालण्यापूर्वी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे एक 'युवा नेतृत्व शिबिर' भरवावयाचे, ही चाल आपल्या भंडारा जिल्ह्यात अलीकडे चांगलीच रुळली आहे. कोठे विहाराचे बांधकाम अर्धवट राहिलेले असते, कोठे अभ्यासिकेवर छप्पर घालावयाचे असते, कोठे बाहेरगावच्या मुलांसाठी वसतिगृह काढण्याची कल्पना असते. समितीची बैठक होते, पावतीपुस्तके छापावयास टाकली जातात, आणि मग कोणाच्या तरी ध्यानात येते की, ही पुस्तके घेऊन गावोगाव हिंडणार कोण? उत्तर तयारच असते : कॉलेजची मुले. आणि ती मुले एका जागी जमावीत म्हणून शिबिर!

वाचकहो, ही चाल मुळात वाईट आहे असे मी म्हणत नाही. ज्याला समाजाच्या दारी हात पसरावयास पाठवावयाचे, त्याला आपण कशासाठी जात आहोत हे आधी समजलेच पाहिजे. आणि ते समजावून देण्यासाठी एक दिवस खर्ची घातला तर तो वाया गेला असे कोणताही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. माझी तक्रार शिबिराविरुद्ध नाही. शिबिराच्या नावाखाली जे चालते त्याविरुद्ध आहे. माझे म्हणणे एका वाक्यात सांगावयाचे तर असे की, ज्या तरुणाला निधीचा हिशेब विचारण्याचा आणि त्याच्या विनियोगाविषयी मत देण्याचा अधिकार नाही, त्याच्या हाती पावतीपुस्तक ठेवण्याचा अधिकार कोणत्याही समितीला नाही. हे म्हणणे अनेकांना रुचणार नाही. परंतु न रुचणारे बोलणे हा माझ्या व्यवसायाचाच भाग असल्यामुळे मला त्याची फारशी क्षिती वाटत नाही.

ह्या शिबिरांचा दिवस कसा जातो तो पाहा. दहाची वेळ दिलेली असते. पाहुणे साडेअकराला येतात. तोपर्यंत साकोली, लाखांदूर, तुमसर अशा तालुक्यांतून पहाटेच्या एस.टी.ने आलेली मुले सतरंजीवर ताटकळत बसलेली असतात. त्रिशरण-पंचशील होते, ते योग्यच आहे. त्यानंतर सत्कार सुरू होतात. व्यासपीठावर बसलेल्या प्रत्येकाला शाल, प्रत्येकाला पुष्पगुच्छ, आणि प्रत्येकाचा परिचय. तो परिचय सभेतील प्रत्येकाला पाठ असतो, तरी होतोच. मग व्यक्तिमत्त्व विकासावर बोलणारे कोणी वक्ते पडद्यावर चित्रे दाखवीत पुढाऱ्याच्या अंगी कोणकोणते गुण असावे लागतात ते सांगतात. ते गुण ज्यांच्या अंगी असावयास हवेत ती मंडळी व्यासपीठावर डुलक्या घेत असतात, ही गोष्ट निराळी. भोजन होते. प्रमाणपत्रे वाटली जातात, छायाचित्रे निघतात. आणि शेवटच्या पाव तासात, मुलांचे लक्ष परतीच्या गाडीकडे लागले असताना, पावतीपुस्तके बाहेर येतात : तुझ्याकडे ही दोन, तुझ्याकडे ही तीन, अमुक तारखेच्या आत रक्कम जमा झाली पाहिजे. मागील वर्षी किती जमले? ते कोठे गेले? ह्या वर्षी किती हवे, आणि तेवढेच का? हे प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण ते विचारण्यासाठी कार्यक्रमपत्रिकेत जागाच ठेवलेली नसते.

ह्याला नेतृत्वाचे शिक्षण म्हणावयाचे असेल तर धान्याच्या गोदामात पोती वाहणाऱ्या हमालालाही व्यापाराचे शिक्षण मिळते असे म्हणावे लागेल. हमाल निदान मजुरी घेऊन घरी जातो.

आता त्या मुलाच्या हाती आपण नेमके काय देतो ह्याचा विचार करा. पावती म्हणजे कागदाचा चिटोरा नव्हे. ती एक लेखी कबुली आहे की, अमुक माणसाकडून अमुक रक्कम अमुक कामासाठी मिळाली. आणि तिच्यावर घेणाराची सही असते. समितीचा शिक्का खाली असतो खरा, पण मोहाडी तालुक्यातील एखाद्या खेड्यात विड्या वळणारी बाई शिक्का वाचून पैसे देत नाही. ती समोर उभ्या असलेल्या पोराकडे पाहते. हा आपल्यातला आहे, शिकतो आहे, हा आपल्याला फसविणार नाही, एवढ्या भरवशावर ती पदराची गाठ सोडते. जी बाई पावसाळ्यात दिवसभर चिखलात वाकून रोवणी करते, तिने दिलेल्या पन्नास रुपयांची किंमत नोकरदाराच्या पाचशेपेक्षा अधिक आहे, हे अंकगणिताने सिद्ध होणार नाही. पण ज्याने तिचे हात पाहिले आहेत त्याला ते सिद्ध करून दाखविण्याची गरज नाही. त्या घरात समितीची पत गहाण पडत नाही, त्या मुलाची पडते. पुढे हिशेब लागला नाही तर गावात तोंड लपवावे लागते ते त्याला. अध्यक्ष तर त्या गावी कधी जाणारच नसतात! जो जामीन राहतो त्याला करारनामा वाचण्याचा हक्क असतो, हे तालुक्याच्या कोर्टातील शिपाईसुद्धा जाणतो. मग समाजापुढे आपला शब्द जामीन ठेवणाऱ्या विद्यार्थ्यालाच तो हक्क का नसावा?

ह्यावर पहिले उत्तर येते ते असे की, मुले अजून लहान आहेत, त्यांनी आधी काम करावयास शिकावे, प्रश्न नंतर विचारावेत. हे उत्तर देणारांना मी महाडची आठवण करून देतो. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला जी परिषद भरली, तिच्या उभारणीत पायाला भिंगरी लावून फिरलेले रामचंद्र बाबाजी मोरे त्यावेळी चोवीस वर्षांचे होते. आज आपण ज्या वयाच्या मुलाला 'अजून लहान आहे' म्हणून गप्प बसवितो, त्या वयाच्या माणसाच्या खटपटीतून चवदार तळ्याचा इतिहास घडला. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात काय झाले ते पाहा. सत्याग्रहासाठी म्हणून माणसे जमली होती. सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणलेला होता. सत्याग्रह करावा की करू नये? बाबासाहेबांचा एक शब्द पुरला असता. त्यांच्या शब्दावर प्राण टाकावयास ती माणसे तयार होती. तरीही प्रश्न परिषदेपुढे ठेवला गेला, दोन्ही बाजूंनी बोलणे झाले, आणि त्यानंतरच सत्याग्रह तहकूब करण्याचा निर्णय झाला. ज्यांनी पाऊल टाकावयाचे त्यांना पाऊल का टाकावयाचे अगर का मागे घ्यावयाचे हे कळले पाहिजे, ही रीत तेथे पाळली गेली. आमच्या समित्यांचे अध्यक्ष बाबासाहेबांहून मोठे झाले आहेत काय, की त्यांना विद्यार्थ्यांपुढे वर्षाचा जमाखर्च मांडण्यात कमीपणा वाटावा?

आणखी दोन दाखले देतो. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली, तेव्हा तिला जोडूनच तरुणांची स्वतंत्र परिषद भरली. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय परिषद भरून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला, त्याच वेळी महिलांची परिषद झाली आणि समता सैनिक दलाचीही निराळी परिषद झाली. हे 'निराळी' लक्षात ठेवण्यासारखे आहे. स्वयंसेवक म्हणजे मंडपाच्या दाराशी काठी घेऊन उभा राहणारा मनुष्य, अशी त्या काळी कल्पना असती तर त्याला परिषद कशाला हवी होती? त्याला बोलण्याची, ठराव करण्याची जागा दिली गेली, म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंच्या समुदायात तेच दल शिस्तीने उभे राहू शकले. शिस्त हुकुमाने येत नाही; ह्या कामात माझाही वाटा आहे अशी ज्याची खात्री असते त्याच्या अंगी ती आपोआप येते.

शिबिरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या भाषणात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिल्याची जी व्यथा बोलून दाखविली, ती अठरा वर्षांच्या मुलांच्या तोंडावर फेकली जाते. मला हा प्रकार फार चमत्कारिक वाटतो. ज्या मुलाने अजून स्वतःच्या कमाईचा एक रुपया पाहिलेला नाही, जो शिष्यवृत्ती खात्यात जमा झाली की नाही हे पाहण्यासाठी समाजकल्याण कार्यालयाच्या पायऱ्या झिजवितो आहे, त्याने कोणाला दगा दिला? ती व्यथा होती ती शिकून, नोकरी मिळवून, पगार घेऊन समाजाकडे पाठ फिरविणारांविषयी. म्हणजे आज व्यासपीठावर बसणारांपैकी कित्येकांविषयी! आरोपीनेच फिर्यादीचे कपडे घालून साक्षीदाराला दरडवावे, तसा हा प्रकार आहे.

दुसरे उत्तर अधिक धूर्तपणाचे असते. हिशेबाचे प्रश्न काढाल तर समाजात फूट पडेल, विरोधकांना आयते कोलीत मिळेल, असे सांगितले जाते. मी विचारतो, फूट हिशेब मांडल्याने पडते की दडविल्याने? एकाच गावात दोन विहारसमित्या, एकाच जयंतीच्या दोन मिरवणुका, आणि त्या दोन तटांचे एकमेकांविरुद्धचे अर्ज, हे सर्व आपण पाहत आलो आहोत. माझ्या मेजावर आलेल्या अशा प्रकरणांपैकी निम्म्यांचे मूळ तत्त्वाच्या मतभेदात नव्हते. ते होते एका न लिहिलेल्या वहीत. ज्या मंडळात वही उघडी असते तेथे भांडणे होत नाहीत असे नाही, पण ती मिटतात.

१५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात धम्मकार्यासाठी प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाचा विसावा भाग द्यावा, अशी अपेक्षा बाबासाहेबांनी व्यक्त केली. त्या विसाव्या भागाची आठवण वर्गणी मागताना सर्वांना होते. पण विसावा भाग मागणे म्हणजे काय? मजुरी करणाऱ्या बाईच्या वीस दिवसांतील एक दिवस मागणे. तिचा एक दिवस घेतला आणि त्या दिवसाचे काय केले हे सांगितले नाही, तर वेठबिगार आणि आपण ह्यांत अंतर किती राहिले? आपल्या आजा-पणजांच्या पिढीने महारवतनाच्या नावाखाली गावचे रात्रंदिवसाचे काम फुकट केले. त्या वतनाविरुद्ध ज्याने आयुष्य वेचले, त्याच्याच नावाने आपण पुन्हा बिनहिशेबी घेणे सुरू करावे, ही गोष्ट मला तरी सहन होत नाही.

आपल्याच जिल्ह्यात पवनी आहे. १९६९-७० साली तेथे उत्खनन झाले तेव्हा दोन हजार वर्षांहून जुन्या स्तूपांचे अवशेष आणि त्यांच्या दगडी कठड्याचे भाग हाती आले. त्या दगडांवर कोरलेले लेख आहेत, आणि त्या लेखांत दान देणारांची नावे आहेत. सांची आणि भारहूत येथेही तेच आहे. वैनगंगेच्या काठच्या त्या उपासकांजवळ ना छापखाना होता, ना लेखापाल. तरीही ज्याने दिले त्याचे नाव ज्या वस्तूसाठी दिले त्या वस्तूवरच कोरून ठेवावे, म्हणजे घेणाऱ्याला नाकारता येणार नाही आणि देणाऱ्याला शोधत बसावे लागणार नाही, एवढी समज त्यांना होती. ही दगडाची पावती दोन हजार वर्षे टिकली. आमच्या पावत्यांच्या स्थळप्रती दोन हजार दिवस तरी टिकतात काय?

आता कायद्याचे थोडे बोलतो. त्यावाचून वकिलाचा लेख पुरा होत नाही. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्राचे नाव दिले गेले आहे, तो नोंदलेल्या न्यासावर हिशेब ठेवण्याचे व दरसाल तपासून घेण्याचे बंधन घालतो. जे मंडळ नोंदलेले नाही त्याने लोकांकडून वर्गणी गोळा करावयाची झाल्यास कलम ४१ क अन्वये धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सवाची मंडळे ती घेतात. आपल्यांपैकी कितीजण घेतात? शिबिराला आलेल्या एका तरी विद्यार्थ्याला ती परवानगी दाखविली जाते काय? ती नसेल तर पावती फाडणारा मुलगाच उद्या चौकीत उभा केला जाऊ शकतो, आणि एकदा त्याच्या नावावर तक्रार दाखल झाली की नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत ती त्याच्या आड येते. ज्याच्या भवितव्याच्या गप्पा दिवसभर मारल्या, त्याच्या भवितव्याची ही काळजी!

ह्यात आता एक नवीन भानगड आली आहे. गावोगावी लोक फोनवरून पैसे पाठवितात, म्हणून मुलांच्या गळ्यात क्यूआर कोडची पाटी अडकविली जाते. तो कोड कोणाच्या खात्याचा? समितीच्या की कोषाध्यक्षांच्या खासगी खात्याचा? पैसे पाठविणारास पाठवितेवेळी खातेदाराचे नाव दिसते, आणि तेथे न्यासाऐवजी कोणा गृहस्थाचे नाव दिसले की देणारा दचकतो. त्याला उत्तर द्यावे लागते ते मुलाला. दुसरी गोष्ट धानाची. आपला हा धानाचा मुलूख. हंगामात रोख पैसा नसला तरी पायलीभर धान देणारी घरे पुष्कळ. पैशाची पावती फाडतात, धानाची फाडीत नाहीत. ते पोत्यात पडते, पोते कोणाच्या तरी ओसरीवर जाते, आणि पुढे कोणत्या भावाने विकले गेले हे त्या ओसरीलाच ठाऊक. पावतीपुस्तकात धान्याचा एक रकाना वाढविण्यास छापखान्याला काहीही जास्त पडत नाही. हे सर्व शिबिरात शिकविण्याचे विषय आहेत. पुढाऱ्याचे गुण त्यानंतर शिकविले तरी चालतील.

निधी कशासाठी, ह्याचाही एकदा मोकळेपणाने विचार झाला पाहिजे, आणि त्यात विद्यार्थ्याचे मत घेतले पाहिजे. चवदार तळ्याचा दिवाणी दावा मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी संपला. १९२७ ते १९३७, दहा वर्षे! सत्याग्रहाची दोन दिवसांची हकीकत आपण दरवर्षी सांगतो. त्या दहा वर्षांच्या तारखांची कोणी सांगत नाही. तीच गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत घडली. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजीला एका कुटुंबातील चौघांचे हत्याकांड झाले. नोव्हेंबरात विदर्भभर तरुण रस्त्यावर आले, लाठ्या खाल्ल्या, कोठडीत गेले. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु नंतर भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयात खटला चालला, सप्टेंबर २००८ मध्ये निकाल लागला, तेथे अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा सिद्ध झाल्याचे मानले गेले नाही. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलल्या आणि त्या कायद्याविषयी तेच मत कायम ठेवले. ह्या निकालांवर कोणाला काय वाटते हा येथे विषय नाही. विषय असा आहे की, मोर्चाला हजार माणसे लागतात आणि ती मिळतात. तारखेला चार लागतात आणि ती मिळत नाहीत. साक्षीदाराला गावाहून आणणारा, त्याच्या जेवणाची सोय पाहणारा, कागदाच्या नकला काढणारा, कोर्टात वही घेऊन दिवसभर बसणारा. साक्षीदाराच्या प्रवासखर्चाची तरतूद १९९५ च्या नियमांत आहे. पण तो पैसा पुढे केव्हातरी मिळतो, आणि एस.टी.चे तिकीट आज सकाळी काढावे लागते. असा एक छोटासा, सदैव तयार असलेला निधी जिल्ह्यात असावा, की विहाराच्या कळसाला आणखी एक थर चढवावा? मला माझे उत्तर ठाऊक आहे. पण ते मी विद्यार्थ्यांवर लादू इच्छित नाही. त्यांच्यापुढे दोन्ही मागण्या मांडा, ज्याला कळस हवा त्याने कळसाची बाजू मांडावी, आणि मग मुलांनी ठरवावे. त्यात ते जेवढे शिकतील तेवढे कोणत्याही वक्त्याकडून शिकणार नाहीत.

मुलींविषयी लिहावयाचे राहून जाऊ नये. शिबिरास मुली निम्म्याहून अधिक असतात. त्यांच्या वाट्याला काय येते? स्वागतगीत, रांगोळी, पाहुण्यांच्या हाती पुष्पगुच्छ देणे. निधीची समिती नेमण्याची वेळ येते तेव्हा शेवटची गाडी गाठावयाची म्हणून त्या निघून गेलेल्या असतात, आणि मग 'मुली कोठे पुढे येतात?' असे आपण विचारतो. नागपूरला १९४२ साली महिलांच्या परिषदेच्या अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या, रांगोळीच्या ताटाशी नव्हे. शिबिराचे महत्त्वाचे कामकाज दुपारी दोनच्या आत उरका आणि सत्कार शेवटी ठेवा. पाहुण्यांना गाडी नसेल तर ते आधी जातील, एवढेच होईल. गावात वर्गणी मागण्यास मुली गेल्या तर घरातील बाई मोकळेपणाने बोलते, प्रश्नही विचारते. म्हणूनच कदाचित कित्येकांना त्या जावयास नको असतात.

राजकारणाचा उल्लेख केल्यावाचून गत्यंतर नाही. निवडणुका जवळ आल्या की शिबिरांची संख्या वाढते हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. निधीसाठी म्हणून तयार केलेली मुलांची यादी, त्यांचे फोन क्रमांक, त्यांचे गाव आणि त्यांचे नातेवाईक ही सर्व माहिती कोणाच्या तरी प्रचाराच्या कचेरीत जाऊन पोहोचते. मुलांनी राजकारण करू नये असे मी म्हणणार नाही. करावे, उघडपणे करावे, हव्या त्या पक्षाचे करावे. पण विहाराच्या विटांसाठी म्हणून दिलेले नाव मतांच्या बाजारात विकले जाणे ही फसवणूक आहे. ह्याच भंडाऱ्यात १९५४ च्या पोटनिवडणुकीला बाबासाहेब उभे होते. मतदारसंघ दोन जागांचा होता, प्रत्येक मतदाराला दोन मते होती. राखीव जागेची चुरस कठीण आहे, तेव्हा आपल्या लोकांना दुसरे मत कोणालाच न देता कुजवावयास सांगावे, असा सल्ला काहींनी दिला आणि बाबासाहेबांनी तो मानला नाही, अशी आठवण जुने कार्यकर्ते सांगत आले आहेत. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब पराभूत झाले. मतदाराला वाईट सवय लावून मिळालेला विजय त्यांना नको होता, असाच त्या आठवणीचा अर्थ मी लावतो. आपण मात्र चार पावतीपुस्तके लवकर संपावीत म्हणून मुलांना काय काय सवयी लावीत आहोत! दिलेला आकडा भरला नाही म्हणून स्वतःच्या शिष्यवृत्तीतून पैसे घालून पुस्तक पुरे करणारी मुले माझ्या परिचयाची आहेत. समितीने त्यांचा सत्कार केला. मी समितीत असतो तर ते पैसे परत केले असते आणि आकडा ठरविणाराला जाब विचारला असता.

मोहिमेचा काळ ठरवितानाही विद्यार्थ्याला कोणी विचारीत नाही. धान घरात आले की लोकांच्या हाती पैसा असतो म्हणून मोहीम त्याच सुमारास काढतात, आणि तेव्हाच विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा येतात. राष्ट्रीय सेवा योजना ही १९६९ पासून चालत आलेली सरकारी योजना. तिच्यात नाव घातलेल्या विद्यार्थ्याचे वर्षाचे १२० तास ठरलेले असतात आणि ते लिहून ठेवले जातात. सरकारला विद्यार्थ्याच्या तासांचा हिशेब ठेवावासा वाटतो, आम्हाला वाटत नाही, कारण 'समाजाचे काम' म्हटले की वेळेला किंमत नाही अशी आमची समजूत आहे. जो मुलगा परीक्षा बुडवून पावत्या फाडतो आणि पुढे शिक्षण सोडतो, त्याचा हिशेब निधीच्या कोणत्या बाजूस लिहावयाचा?

तेव्हा येत्या हंगामात ज्यांना शिबिर भरवावयाचे आहे त्यांच्याकडे माझी मागणी आहे. पावतीपुस्तके छापावयास टाकण्यापूर्वी शिबिर भरवा, नंतर नव्हे. सकाळी पहिल्या तासाला कोषाध्यक्षांनी मागील मोहिमेचा जमाखर्च मोठ्याने वाचावा, वही मुलांच्या हाती द्यावी, आणि प्रश्न संपेपर्यंत खुर्ची सोडू नये. बँकेचे पासबुक आणि धर्मादाय कार्यालयाचा कागद टेबलावर उघडा ठेवावा. निधीची जी उपसमिती होईल तिच्यातील निम्म्या जागा विद्यार्थ्यांच्या असाव्यात, त्यांतील निम्म्या मुलींच्या, आणि त्या मुलांनीच निवडाव्यात. ज्याला जमाखर्च पटला नाही त्याने पुस्तक न घेता घरी जावे आणि त्याला कोणी समाजद्रोही म्हणू नये. आणि मोहीम संपल्यावर, मृग लागून माणसे शेतात उतरण्यापूर्वी, ज्या गावातून पैसे व धान घेतले त्याच गावच्या विहारात त्याच मुलांनी जाऊन काय जमले आणि कोठे गेले ते वाचून दाखवावे. त्या दिवशी वर्गणी मागू नये.

ज्या समितीला एवढे जमणार नाही तिने विद्यार्थ्यांना बोलावूच नये. तिच्या अध्यक्षांनी, उपाध्यक्षांनी व सन्माननीय सल्लागारांनी पुस्तके स्वतः खांद्यावर घ्यावीत, पवनीपासून तुमसरपर्यंत एस.टी.ने फिरावे आणि रोवणीच्या बाईसमोर उभे राहून स्वतःच्या सहीने पावती फाडावी. ती काय विचारते ते त्यांनाही एकदा ऐकू द्या.